मोनोग्रामचे ठिसूळ पाय: जुन्या गाडीवरची अक्षरं न मोडता काढायची आणि परत बसवायची कशी

जुन्या गाडीवरून मोनोग्राम, म्हणजे नावाची अक्षरं किंवा बिल्ला, काढताना 'टक' असा आवाज येतो, तो दोन कारणांनी येतो. एक तर मागची क्लिप सुटते, नाहीतर तिच्यात अडकलेला मोनोग्रामचा पाय, म्हणजे पत्र्याच्या भोकातून जाणारी मागची बारीक दांडी, तुटतो. कानाला दोन्ही आवाज सारखेच लागतात. कोणता होता ते मोनोग्राम हातात आल्यावर कळतं. माझ्या हातात पहिला मोनोग्राम आला तेव्हा चारपैकी तीनच पाय त्याच्याबरोबर आले होते. मी स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून पुढून जोर लावत बसलो होतो. मागच्या अस्तराचे दोन स्क्रू काढले असते तर चारही नट समोर दिसले असते. ते मी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून एकच हिशेब डोक्यात ठेवून काम करतो: क्लिप नवी मिळते, पाय नवा मिळत नाही. जिथे दोघांपैकी एकाचा बळी द्यायची वेळ येते तिथे क्लिपचा द्यायचा, आणि तोही सुरुवातीलाच, पायावर ताण येण्याआधी.

पाय इतके ठिसूळ का होतात

जुने मोनोग्राम, मडगार्डवरची जोडाक्षरी नावं, डिकीवरचे बिल्ले हे बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असतात आणि वर तांबं, निकेल, क्रोम असे थर चढवलेले असतात. मागचे पाय वेगळे जोडलेले नसतात, त्याच ओतकामात निघालेले असतात. झॅमॅक नावानं ओळखला जाणारा हा मिश्रधातू अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीनं १९२९ साली आणला. जस्तात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम आणि काही प्रकारांत थोडं तांबं. जस्त अतिशय शुद्ध हवं ही त्यातली मुख्य अट. त्यात शिसं अगदी किंचित जरी शिरलं तरी दमट हवेत ओतकाम कणाकणांच्या सांध्यांतून आतल्या आत कुजतं, फुगतं, त्याला भेगा पडतात. क्रोमखाली फोड आलेला, बारीक चिरा गेलेला मोनोग्राम दिसला तर तो या रोगाचा असू शकतो. अशा तुकड्याच्या पायांवर भरवसा ठेवायचा नाही.

रोग नसलेल्या पायांनाही दुसरा शत्रू असतोच. पुढच्या बाजूला क्रोमचं संरक्षण असतं, मागच्या पायांवर ते जेमतेम पोचलेलं असतं. पाय पत्र्याच्या भोकातून जातो, तिथे पाणी साचतं, पोलाद आणि जस्त ओल्यात एकमेकांना चिकटून बसतात. अशा जोडीत आधी झिजतं ते जस्त. पांढरी भुकटी दिसते ती हीच झीज. बाहेरून पाय ३ मिलिमीटरचा वाटतो, पण भुकटी झटकली की आत दीड मिलिमीटर उरलेला असतो.

आणखी एक गोष्ट. हा धातू दाबाला चांगला टिकतो, पण ओढाताण आणि वाकवणं त्याला सोसत नाही, त्यातही गारठ्यात तर अजिबात नाही. शुद्ध जस्त १०० ते १५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान चांगलं वाकतं, थंडीत ते काचेसारखं वागतं. मिश्रधातूचा स्वभाव थोडा वेगळा असला तरी गारठ्यातला ठिसूळपणा त्यालाही असतो. म्हणून हे काम थंड सकाळी काढायचं नाही. गाडी ऊन खाऊन कोमट झाली की मग हात घालायचा.

आधी मागे जाऊन बघा

पुढून काहीही करण्याआधी मागची बाजू उघडा. बॉनेटच्या आतल्या कैचीत, म्हणजे आधाराच्या सांगाड्यात, हात जाण्यापुरतं भोक असतं. डिकीच्या झाकणाला आतून अस्तर किंवा पुठ्ठा असतो. पुढच्या मडगार्डच्या मागे पोचायला कधी आतला चिखलरोधक पत्रा काढावा लागतो, कधी दरवाजा पूर्ण उघडला की फटीतून दिसतं. हात पोचत नसेल तर छोटा आरसा आणि टॉर्च, नाहीतर वायरीच्या टोकावरचा स्वस्तातला कॅमेरा. डिकीच्या झाकणात नंबर प्लेटच्या दिव्याच्या वायरी जातात, त्यांच्याजवळ कटर चालवायचा असेल तर बॅटरीची वायर आधी सोडा.

मागे साधारण यांपैकी काहीतरी सापडतं:

- आटे पाडलेला पाय आणि त्यावर साधा षटकोनी नट. सगळ्यात सोपा प्रकार.
- गुळगुळीत पायावर फिरवून बसवलेला, स्वतःच आटे पाडणारा नट. त्याच्या पोटात बऱ्याचदा काळा चिकट मसाला भरलेला असतो, पाणी अडवायला.
- स्टार लॉक किंवा दाबून बसवायचा स्पीड नट. पातळ स्प्रिंग पोलादाची चकती, मधल्या जिभा पायात रुतलेल्या.
- बॅरल क्लिप. पत्र्याच्या भोकात आधीच ठोकून बसवलेली छोटी नळी, पितळी, पोलादी किंवा प्लॅस्टिकची. पाय तिच्यात पुढून दाबला की अडकतो. या प्रकारात मागून सोडायला काहीच नसतं, म्हणून लोक पुढून उचकटतात आणि फसतात.

एकाच मोनोग्रामला दोन प्रकारही असू शकतात. आधी कोणी काम केलं असेल तर एका पायावर नट, दुसऱ्यावर स्टार लॉक आणि तिसऱ्यावर नुसता गोंद, असंही मी पाहिलंय. प्रत्येक पाय वेगळा तपासा.

पाय मुळीच नसतील, नुसता दुहेरी टेप असेल, तर पुढची बरीच उठाठेव वाचली. मोनोग्राम कोमट करायचा आणि मासे धरायची बारीक दोरी मागून करवतीसारखी ओढायची. पण 'पाय नसणार' असं समजून दोरी ओढू नका. दोरी पायाला अडकली की पाय तिनेच कापला जातो.

तयारी

मोनोग्रामच्या भोवती मास्किंग टेपचे दोन थर लावा, आणि त्या टेपवर मोनोग्रामच्या कडेच्या चार-पाच खुणा पेन्सिलीनं करा. ही टेप बसवून होईपर्यंत काढायची नसेल तर उत्तम. रंगकाम करायचं असेल तर खुणा पारदर्शक कागदावर उतरवून घ्या, जवळच्या एखाद्या कडेपासूनचं अंतर मोजून लिहून ठेवा. चारही बाजूंनी फोटो काढा, मागूनही.

मग नट आणि क्लिपवर मागून गंज सोडवणारं तेल. आदल्या रात्री एकदा, सकाळी एकदा, थेंबाथेंबानं, सिरिंजनं सोडलेलं बरं. फवारा मारला तर भोकातून पुढे येऊन रंगावर ओघळतो. ओघळलाच तर लगेच साबणाच्या पाण्यानं पुसा. तेलात ॲसिटोन मिसळून वापरायची युक्ती बरेचजण सांगतात. वर्कबेंचवरच्या बोल्टला ती ठीक आहे, गाडीवर नको. जुना नायट्रोसेल्युलोज रंग ॲसिटोननं पाहता पाहता विरघळतो.

कोमट करायला केस वाळवायचा ड्रायर पुरतो. हीट गननं रंगही जातो आणि मोनोग्राममध्ये भरलेला रंगही. हात टेकवता येईल इतपत गरम, त्याहून जास्त नाही. मोनोग्राममध्ये काचेसारखा मिना भरलेला असेल तर हळूहळू तापवा आणि हळूहळू निवू द्या. मिना वाकणं सहन करत नाही आणि अचानक तापमान बदललं तरी तडकतो.

नट असतील तर

साधा किंवा आटे पाडणारा, दोन्ही नटांना बॉक्स पानाच वापरा, पक्कड नको. पक्कड नटाला बाजूला ढकलते, आणि बाजूला ढकलणं म्हणजे पाय वाकवणं. पानाही लांब दांड्याचा नको. स्क्रू ड्रायव्हरसारखी मूठ असलेला बॉक्स पाना बोटांत धरून फिरवा, म्हणजे किती जोर लागतोय ते बोटांना कळतं.

फिरवायच्या आधी एक काम. पायाच्या टोकावर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्या आणि त्याच्या रेषेत नटावर दुसरा. आता नट थोडा फिरवा आणि बघा. नटावरचा ठिपका सरकला, पायावरचा जागेवर राहिला, तर नट सुटतोय. दोन्ही ठिपके बरोबरीनं फिरले तर पाय पिळला जातोय किंवा आधीच तुटलाय. मोनोग्राम पुढे जागेवर बसलेला असताना पाय फिरूच शकत नाही. तेव्हा तिथल्या तिथे थांबायचं.

नट सुटायला लागला तरी एका दमात काढू नका. अष्टमांश फेरा मागे, तेवढाच पुढे, तेलाचा थेंब, परत मागे. आट्यांत अडकलेली पांढरी भुकटी अशी हळूहळू बाहेर येते. एका दिशेनं रेटत राहिलं तर तीच भुकटी पाचरीसारखी घट्ट होते.

मसाला भरलेला नट गारठलेला असेल तर सोल्डरिंग इस्त्रीचं टोक नटाच्या अंगाला दहा-पंधरा सेकंद टेकवा. नटाला, पायाला नाही. हा मिश्रधातू ३८५ अंशांच्या आसपास वितळू लागतो आणि इस्त्री तिथपर्यंत सहज पोचते. दुसऱ्या हाताची बोटं पुढून मोनोग्रामवर ठेवा. ऊब जाणवली की इस्त्री काढायची.

एवढं करूनही ठिपके बरोबरीनं फिरत असतील तर नट कापा. छोट्या रोटरी मशीनची पातळ चकती घ्या, चष्मा घाला, आणि नटाच्या एका बाजूला पायाच्या लांबीला समांतर चीर द्या, पायाला लागणार नाही इतकी. मग त्या चिरेत बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून नुसता पिळा. नट पाकळीसारखा उघडतो. ठिणग्या पुढच्या रंगावर जाऊ नयेत म्हणून भोकांवर ओलं फडकं दाबून ठेवा.

स्टार लॉक

याला मागे ओढायचं नाही, हा एक नियम पाळलात तरी बरंच साधलं. त्याच्या जिभा एकाच दिशेला झुकलेल्या असतात, जितकं ओढाल तितक्या रुततात, आणि ओढण्याचा सगळा जोर पायाच्या मुळाशी जातो. चकतीच्या कडेपासून मध्यापर्यंत कटरनं काप द्या, शक्य झालं तर समोरासमोर दोन. जिभांची पकड सुटली की चकती आपोआप ढिली होते. कटर पोचत नसेल तर अणकुचीदार पकडीनं चकतीची कड धरून घड्याळाच्या उलट दिशेनं हळू फिरवून बघा. बऱ्याचदा जिभा पायावर आट्यांसारख्या वाटेनं वर चढत येतात. इथेही तो पांढरा ठिपका द्यायला विसरू नका.

बॅरल क्लिप

इथे सगळ्यात जास्त मोनोग्राम मोडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

मागून हात पोचत असेल तर पुढून ओढू नका, मागून ढकला. धातू दाबाला चांगला टिकतो हे वर सांगितलं, त्याचा उपयोग इथे. जुन्या बॉलपेनची रिकामी नळी किंवा पायाच्या टोकावर नेमकी बसेल अशी लाकडी काडी घ्या, टोकावर टेकवा, आणि अंगठ्यानं दाबा. आधी मागून दिसणारी क्लिपची बाजू पकडीनं हलकेच चेपून तिची पत्र्यातली पकड कमी करता आली तर आणखी चांगलं, मग क्लिपसकटच पाय पुढे सरकतो. क्लिप गेली तर जाऊ द्या.

एकेक पाय एकेक मिलिमीटर. पहिला थोडा, मग दुसरा, मग तिसरा, आणि परत पहिला. एक टोक पूर्ण बाहेर आणि दुसरं जागेवर असं झालं की मोनोग्राम तिरपा होतो, आणि राहिलेला पाय भोकाच्या कडेवर पहारीसारखा वाकतो. लांब जोडाक्षरी नावांत तर पायाआधी अक्षरंच तुटतात. दोन अक्षरांना जोडणारी बारीक रेघ हा सगळ्यात नाजूक भाग. तिथे कधीच जोर द्यायचा नाही.

मागून पोचायला वाटच नसेल तर पुढून. टेपवर जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा तुकडा ठेवा, आणि नायलॉनच्या दोन पातळ पाचरी पायाच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सरकवा. पाय नेमका कुठे आहे ते आरशात बघून टेपवर खूण केलेली असेलच. पाचर पायाजवळ हवी, दोन पायांच्या मध्ये नाही. पाचर उचकटायची नसते, सरकवायची असते, म्हणजे तिच्या उतारानं मोनोग्राम सरळ वर उचलला जातो. ड्रायरची ऊब, एक पाचर, दुसरी पाचर, पुढचा पाय. चार पायांच्या मोनोग्रामला मला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात मी फोन घेत नाही.

प्लॅस्टिकच्या क्रोम केलेल्या मोनोग्रामांनाही हीच रीत, फक्त तापवताना जास्त सांभाळून. ते सहसा एबीएस नावाच्या कडक प्लॅस्टिकचे असतात, शंभर अंशांच्या आधीच मऊ पडून वेडेवाकडे होतात, आणि त्यांची क्रोमची साल एकदा सुटली की ती परत बसत नाही.

सुटल्यावर

पत्र्याच्या भोकांत अडकून राहिलेल्या क्लिप मागून पंचानं हलक्या ठोक्यानं बाहेर काढा, किंवा आत पाडायच्या असतील तर आधी बघा की त्या पोकळीत पडून खडखडत राहणार नाहीत. भोकांभोवती गंजाचं कडं असणारच. बारीक पॉलिश पेपर ओला करून घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका आणि मास्क लावा. मग गंजरोधक प्रायमर, रंग, आणि भोकाच्या आतल्या कडेलाही ब्रशच्या टोकानं दोन्ही थर. बहुतेकजण हीच कड विसरतात आणि गंज परत इथूनच सुरू होतो. नवा रंग पूर्ण कडक होईपर्यंत मोनोग्राम बसवू नका, नाहीतर त्याचा ठसा कायमचा उमटतो.

पाय साफ करायला जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. व्हिनेगर किंवा गंज काढायची आम्लयुक्त द्रावणं जस्ताला खातात. तारेच्या फिरत्या ब्रशनं उरलासुरला धातूही जातो. साफ झाल्यावर प्रत्येक पाय कॅलिपरनं मोजा, मुळाशी, मध्ये आणि टोकाला. हे तीन आकडे लिहून ठेवा. नव्या क्लिप यांच्यावरूनच निवडायच्या आहेत.

वाकलेला पाय दिसला तर सरळ करायचा मोह आवरा. पाय भोकात जात असेल तर तसाच राहू द्या. जातच नसेल तर भोक त्या बाजूला गोल कानशीनं अर्धा मिलिमीटर वाढवा आणि कड परत रंगवा. पत्रा दुरुस्त करता येतो.

पाय तुटलाच तर

सोल्डर करायच्या भानगडीत पडू नका. वितळायचा बिंदू जवळ, वर क्रोम, आत हवेचे बुडबुडे. फोड येऊन पुढची बाजू खराब होण्याची शक्यता जोड टिकण्यापेक्षा जास्त. त्यापेक्षा नवा पाय आट्यांनी बसवा.

मोनोग्राम पालथा करून मऊ मातीच्या किंवा प्लास्टिसिनच्या गादीत दाबून ठेवा, म्हणजे पुढची बाजू सगळीकडून टेकलेली राहते. तुटलेलं खुंट कानशीनं सपाट करा. मध्यावर टोकदार सुईनं हातानंच फिरवून खळगा करा, हातोडीनं नाही. आता जाडी मोजा. पायाच्या मुळाशी बहुतेक वेळा थोडा उंचवटा असतो आणि तिथे सगळं मिळून ४-५ मिलिमीटर धातू मिळतो. पुढच्या बाजूला कमीत कमी दीड मिलिमीटर शिल्लक राहील इतकंच खोल जायचं. ड्रिलच्या टोकावर तेवढ्या अंतरावर टेपची पताका लावा.

एम ३, म्हणजे ३ मिलिमीटरच्या, आट्यांसाठी २.५ मिलिमीटरचं ड्रिल. मशीन नको, बोटांत धरून फिरवायचा छोटा चक घ्या. जस्त ड्रिलच्या खाचांत चिकटतं, म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसा आणि हलक्या तेलाचा थेंब द्या. टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, फिरवतानाही अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. तीन आटे मिळाले तरी पुरतात, बाकीचं काम इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, करतो.

नवा पाय पितळी आटेदार दांडीचा करा. पोलादी दांडी जस्ताजवळ ओल्यात पुन्हा तोच जुना खेळ सुरू करते. पितळही जस्ताला तसंच झिजवू शकतं, पण नवा पाय सगळीकडून इपॉक्सीत बुडालेला असला की पाणी पोचत नाही. शिवाय पितळ मऊ असतं. पुढे कधी कोणी चुकीचा जोर लावला तर दांडी वाकेल, मोनोग्राम वाचेल. भोक आणि दांडी ॲसिटोननं तेलमुक्त करा, इथे मोनोग्राम गाडीपासून लांब असल्यानं चालतं, फक्त पुढच्या रंगाला लागू देऊ नका. इपॉक्सी पाच मिनिटांत घट्ट होणारी नको, रात्रभर घेणारी घ्या.

इपॉक्सी सुकताना नवा पाय नेमका कुठे आणि किती सरळ उभा राहतो यावर सगळं अवलंबून आहे. गाडीच्या पत्र्यावर कागद ठेवून भोकांचा ठसा घ्या, तो पातळ प्लायवूडवर चिकटवा, भोकं पाडा. मोनोग्रामचे जुने पाय आणि नवी दांडी या प्लायमधून घालून तशीच रात्रभर ठेवा. प्लायला मेण लावलेलं असू द्या, नाहीतर सकाळी तीच चिकटलेली असते. अनुभवाचे बोल.

ड्रिल करण्याइतकी जाडी नसेल, तर रुंद डोक्याचा पितळी स्क्रू घ्या, डोकं घासून पातळ आणि खरखरीत करा, आणि मोनोग्रामच्या मागच्या पोकळीत इपॉक्सीच्या थरात बुडवून बसवा. ही जोड ओढायला तितकी मजबूत नसते. तीनपैकी एका पायाला चालेल, तिन्हींना नाही.

परत बसवताना

क्लिप पायाच्या मापाची हवी, 'जवळपास' नको. जुन्या पायांत १/८ इंच, म्हणजे ३.१८ मिलिमीटर, आणि ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिलिमीटर, ही मापं नेहमी दिसतात. ३ मिलिमीटरसाठी बनलेली क्लिप १/८ इंचाच्या पायावर जोर लावून जाते खरी, पण परत निघताना पाय घेऊन निघते.

नवी बॅरल क्लिप पायावर घालण्याआधी तेवढ्याच व्यासाच्या ड्रिलच्या गुळगुळीत मागच्या टोकावर चार-पाच वेळा घालून काढा. पहिल्या दोन वेळा ती किती घट्ट जाते ते बघितलंत की कळेल, हा जोर आपण नाजूक पायावर लावणार होतो. पकड राहील पण झोंबणार नाही इतकी ती सैल झाली की मग भोकात बसवा.

आटे पाडणाऱ्या नटाचंही तसंच. कोऱ्या पायावर आटे पाडायचे तर ते टेबलावर पाडा, गाडीवर नाही. पाय मुळाजवळ बोटांत धरा, आट्यांना मेण लावा, नट थोडा पुढे थोडा मागे असा हवा तितका नेऊन परत काढा. पायावर जुने आटे असतील तर नट टेकवून आधी उलटा फिरवा. एका जागी तो बारीकसा खाली बसल्यासारखा जाणवतो, तो जुन्या आट्यांचा तोंडाचा भाग. तिथून सुलटा फिरवा. असं न करता सुरुवात केली तर नट जुन्या आट्यांवर तिरपा नवा आटा पाडतो आणि आधीच बारीक झालेला पाय आणखी कुरतडला जातो.

भोकातून पाणी जाऊ नये म्हणून ब्युटिल टेपची (मऊ चिकट रबराच्या पट्टीची) गोळी किंवा मसाला भरलेला नट. सिलिकॉन लावायचंच असेल तर बाटली उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, जस्तालाही आणि पत्र्यालाही. आम्लविरहित सिलिकॉन वेगळं मिळतं. मोनोग्रामखाली, पत्र्यावर, मेणाचा एक हात. जागा असेल तर पातळ फोमचं गॅस्केट, म्हणजे रंग घासला जात नाही.

मोनोग्राम आधी कोरडाच लावून बघा, नटाशिवाय. तो स्वतःच्या वजनानं सगळीकडे टेकतोय का? एका टोकाला फट दिसली तर नट आवळून ती मिटवू नका. ओतकाम मूळ पत्र्याच्या वळणाला धरून बनवलेलं असतं. मध्ये कधीतरी पुट्टी भरली गेली असेल किंवा पत्रा पिटला असेल तर वळण बदलतं. फट मोठी असेल तर पत्रा बघावा लागेल, बारीक असेल तर त्या टोकाखाली फोमची चकती ठेवा. आवळून वाकवलेला मोनोग्राम त्या दिवशी तुटत नाही. काही महिन्यांनी, उभ्या गाडीवर, आपोआप तडकतो आणि कारण कोणालाच सापडत नाही.

सगळे नट आधी बोटांनी टेकवायचे, मग मधल्यापासून बाहेरच्या बाजूला आवळत जायचं. बोटांनी घट्ट झाल्यावर पाव फेरा, बस. कागदाची पट्टी मोनोग्राम आणि पत्र्याच्या मध्ये सरकवून बघा. हलकी अडून निघाली तर बरोबर. फाटली तर जास्त आवळलंय. नट सैल होऊ नये म्हणून टोकावर रंगाचा किंवा ब्युटिलचा ठिपका पुरेसा आहे. बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं द्रव, थ्रेड लॉक, प्लॅस्टिकच्या मोनोग्रामजवळ नेऊ नका, एबीएसला त्यानं चिरा पडतात.

बॅरल क्लिपमध्ये बसवताना मोनोग्राम कोमट करा, पाय भोकांसमोर आणा, आणि नेमक्या पायावर अंगठा ठेवून दाबा. तळहातानं थापटी नाही, रबरी हातोडी तर नाहीच. काढताना केलं तसंच, सगळे पाय थोडे थोडे.

पायांची अवस्था वाईट असेल तर मी आता एक मधला मार्ग काढतो. पाय कापून टाकत नाही. ते भोकांतल्या रबरी बुशांत सैल घालतो, त्यामुळे मोनोग्राम नेमक्या जागी बसतो. धरून ठेवायचं काम पायांऐवजी मागच्या सपाट भागावर लावलेल्या फोम टेपच्या छोट्या तुकड्यांना देतो. चांगल्या प्रतीचा ॲक्रिलिक फोम टेप वीस मिनिटांत साधारण निम्मा जोर धरतो, एका दिवसात नव्वद टक्के, आणि पूर्ण जोराला ७२ तास लागतात. लावताना पत्रा २१ ते ३८ अंशांच्या दरम्यान हवा आणि मेणाचा अंशही नको, म्हणजे वर सांगितलेला मेणाचा हात या पद्धतीत चालत नाही. मूळ स्थितीचा आग्रह असलेल्यांना टेप रुचत नाही. पण मूळ पाय शाबूत ठेवून लावलेला टेप उद्या काढता येतो, कापलेला पाय मात्र परत येत नाही.

तीन दिवस गाडी धुऊ नका. त्यानंतर पाण्याची बारीक धार सोडून मागून बघा, भोकांतून थेंब येतोय का. मोजमापांचा कागद आणि प्लायचा साचा डिकीत ठेवून द्या. आणि पुसताना मायक्रोफायबरचं फडकं अक्षरांच्या शेपट्यांत अडकतं, जोरात ओढलं की जोडरेघ तुटते. त्या भागापुरता मऊ ब्रश वापरा.